गाण्यातला ब्रेक

मंगळवार, दुपार
(वर्ग सुटला आहे, माझा उजवा पाय गरम पाण्याच्या बादलीत आहे)

चि. भाचीबाईंस,

खरं तर वडीलकीच्या नात्याने मी आशीर्वादाने सुरुवात करायला हवी. पण गेले काही आठवडे तुझा चिमुकल्यांचा गाण्याचा वर्ग सांभाळल्यापासून माझं असं मत झालंय, की वयाचा मान बाजूला ठेवून मीच तुला वाकून नमस्कार करावा. तेव्हा आधी नमस्कार घे, मग आशीर्वाद घे आणि दोन्ही पोचल्याचं कळव. पाय कसा आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटली तर विणायची सुई घालू नकोस. वहिनीची सुई आत अडकली तर ती तुझा दुसराही पाय मोडेल. दादा तुला खुर्चीतून हलू देत नाही असं ऐकलं. त्याचा स्वभावच तो. लहानपणी मी झाडावर चढले की हा खालून शिडी काढून न्यायचा आणि वर मलाच म्हणायचा, "हलू नकोस, पडशील." त्याला माझा नमस्कार सांग, आणि रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतो का ते लपून बघ. फोन का करत नाही असं विचारशील. फोनवर तू मध्येच हसतेस आणि माझा धागा तुटतो. शिवाय सांगण्यासारखं जे आहे त्यातल्या काही भागाचा तुला राग येईल, आणि पत्र वाचून आलेला राग माझ्यापर्यंत पोचेस्तोवर शिळा होतो.

तू मुलांना बेडूक होऊन दाखवताना पाय मोडून घेतलास, इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. ज्याचा त्याचा धंदा. पण मला वर्गाच्या किल्ल्या देताना तू जे बोललीस ते अजून कानात आहे. "आत्या, तुला काही शिकवायचं नाही गं. नुसतं गायचं, चालायचं, खेळायचं." मला तिथेच संशय यायला हवा होता. मी उभा जन्म लोकांना मोटार शिकवली. आमच्यात शिकवणं म्हणजे शिकवणं असतं. हा क्लच, हा ब्रेक, हा आरसा, आणि आता चूक. तुझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी जाऊन उभी राहिले तर धडा कुठे आहे तेच सापडेना. अंगठा चोखणारी, मोजे ओढणारी, एकमेकांच्या कानात बोट घालणारी माणसं गोल करून बसलेली, त्यांच्यामागे त्यांचे आईबाप, मध्ये एक डफली, कोपऱ्यात ते लोखंडी पट्ट्यांचं वाजवायचं खेळणं, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. मी म्हटलं, "नमस्कार, बसा." बसलेलेच होते बिचारे. मग तुझी चिठ्ठी आठवली, की सूचना बोलून द्यायची नाही, गाऊन द्यायची. मी आयुष्यात देवासमोरसुद्धा मोठ्याने गायलेले नाही (देवाचाही विचार करावा लागतो). पण गायले.

आता खोलीचं सांगते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला कशासाठी लागलाय ते तुला ठाऊक असेल. वाचनालयाच्या माडीवरची तुझी वर्गाची खोली जाणार होती. घाबरू नकोस, घाबरायचं असेल तर थोडं थांबून घाबर. वाचनालयाच्या समितीकडे खालच्या वाचकांनी अर्ज केला, की मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी छतातून धाडकन आवाज येतात, दिवा हलतो आणि एका गृहस्थांच्या वर्तमानपत्रावर चुना पडला. बुद्धिबळ शिकवणारे एक मास्तर त्या खोलीवर केव्हाचे डोळा ठेवून आहेतच. बुद्धिबळात आवाज होतो तो फार तर हरणाऱ्याच्या उसाशाचा. तेव्हा समितीचे चिटणीस मला जिन्यात गाठून म्हणाले, की महिनाअखेरीपर्यंत हे बंद झालं नाही तर खोली मास्तरांना द्यावी लागेल. (चिटणीस तुला माहीत आहेतच. सगळं आयुष्य वाचनालयात गेल्यामुळे ते फक्त कुजबुजतात. रागावले की आणखी हळू कुजबुजतात, त्यामुळे शिव्या ऐकायला आपल्यालाच पुढे वाकावं लागतं.) मी त्यांना तोंड वर करून म्हटलं, "माझी भाची गेली दोन वर्षं इथे वर्ग घेते, तेव्हा कुठे चुना पडला?" ते म्हणाले, "तेच तर विचारतोय." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तो पडला नसता तर बरं झालं असतं.

ते तुझं चालण्याचं गाणं आहे ना:

निघालो आम्ही हळूहळू,
वाट चालली वळूवळू,
मागे बघू, पुढे पळू,
आणि इथेच थांबू!

हे गाणं तू कुठल्या शांत डोक्याने केलंस देव जाणे. "पुढे पळू" म्हटलं की ही सगळी फौज सुसाट निघते ती थेट खिडकीखालच्या बाकाकडे. आता मोटार शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, हे तुला मी सांगायला नको. तू माझ्याकडेच शिकलीस आणि कुंपण मोडलंस. समोरून काही वेगात चाललेलं दिसलं की माझा उजवा पाय मला न विचारता खाली जातो. रिक्षात बसले तरी जातो, दुसऱ्याच्या घरी मूल जिन्याकडे धावलं तरी जातो. त्यामुळे "थांबू" या शब्दाला माझा पाय जमिनीवर धाडकन आपटला. मुलं थांबली, आणि त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. पुढच्या वेळी "थांबू" म्हटल्याबरोबर सगळ्यांनी उजवा पाय आपटला. एकजुटीने. त्यांच्या आईबापांनीही आपटला, कारण त्यांना वाटलं नव्या बाईंची पद्धत असेल. तो चुना आमचाच, भाचीबाई.

मी आधी सरळ मार्ग धरला. मुलांना समजावून सांगितलं, की पाय आपटायचा नाही, खाली आजोबा वाचत बसतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टरीणबाईंचा तो मुलगा, मागे हात बांधून चालणारा, ज्याला मी साहेब म्हणते, त्याने तर "खाली आजोबा" असं दोनदा म्हणूनही दाखवलं. मग गाणं झालं, "थांबू" आलं, माझा पाय गेला आणि त्यांचेही गेले. साहेबांनी पाय आपटून वर मला सांगितलं, "खाली आजोबा." म्हणजे समजलं होतं, पण समजणं आणि पाय यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. मला या गोष्टीचं फार कुतूहल वाटलं. आमच्या शिकाऊ लोकांना मी वर्षानुवर्षं तोंडाने सांगत आले आणि ते वर्षानुवर्षं माना डोलावत कुंपणात गेले. मी कधी विचारच केला नव्हता, की सांगितलेलं जातं कुठे.

मग मी प्रयोग सुरू केले. (तुझा वर्ग, तुझी मुलं, पण कुतूहल माझं, ते मला स्वस्थ बसू देईना.) उजवी चप्पल काढून ठेवली, म्हणजे आवाज कमी होईल. पुढच्या क्षणी सगळ्या मुलांनी उजवा बूट काढला, आणि वर्ग सुटल्यावर कुठला बूट कोणाचा यावरून आयांमध्ये जे झालं ते मी लिहीत नाही. उजव्या पायावर बसून गायले. सगळे उजव्या पायावर बसले आणि माझा पाय झोपल्यामुळे मला दोघींनी धरून उठवलं. डफली हळू वाजवली तर मुलं हळू चालली, जोरात वाजवली तर धावली, मध्येच थांबवली तर एक पाय वर धरून बगळ्यासारखी उभी राहिली. यातलं काहीही मी शिकवलं नव्हतं. ताल म्हणजे काय हे मी त्यांना सांगू शकले नसते, कारण मलाच माहीत नाही. पण पायांना माहीत होतं. चालता येऊन वर्षही न झालेल्या पायांना! मी घरी येऊन आरशासमोर चालून पाहिलं, की माझ्या पायांना माहीत आहे का. आहे, थोडंसं. डाव्याला जास्त.

शेवटी एक नामी युक्ती सुचली. "थांबू" हा शब्द आला की ब्रेक लागतो ना? मग तो शब्दच गायचा नाही. न रहेगा बांस वगैरे. परवाच्या शुक्रवारी मी "आणि इथेच" म्हणून तोंड मिटलं. पाय नाही, धाड नाही, सगळं शांत. मी मनात स्वतःची पाठ थोपटणार, तेवढ्यात मुलांकडे लक्ष गेलं. एकही जण हलत नव्हता. सगळ्यांची तोंडं उघडी, डोळे माझ्यावर, एकाच्या हातातलं बिस्किट तोंडाच्या वाटेवर थबकलेलं. जिन्याची शेवटची पायरी कोणी काढून नेल्यासारखे सगळे पाय अधांतरी. आणि मग ती डुलकी! जी तुझ्याकडे कधी एक शब्द गायली नाही, नुसती बसल्याजागी डुलायची, जिच्यामुळे तिची आई तुला पुन्हा पुन्हा विचारायची की हिला संगीत नकोच का, ती डुलकी उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात गायली, "थांबू!" नुसतं म्हणाली नाही, गायली. मी नंतर तुझ्या त्या लोखंडी पट्ट्यांवर ठोकून पाहिलं. सूर बरोबर होता, माझ्याहून बरोबर. तिची आई तोंडाला पदर लावून खिडकीशी गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. मीही तिच्या मागे खिडकीशी जाणार होते. पण रडायला सवड कुठली? शेवटचा शब्द मिळाल्याबरोबर बाकी सगळ्यांनी इतका वेळ तोलून धरलेला पाय असा काही आपटला, की खालून कोणीतरी "अरे!" म्हणाल्याचं वरपर्यंत ऐकू आलं.

त्यापाठोपाठ जिन्यात पावलं वाजली नाहीत. वाजली नाहीत यावरूनच ओळखलं, की चिटणीस येताहेत. दार उघडून ते उभे राहिले. चेहरा लाल, हातात त्या गृहस्थांचं चुना पडलेलं वर्तमानपत्र. मला वाटलं, झालं, भाचीची खोली गेली, आता तिला काय तोंड दाखवू. माझ्यापर्यंत यायला त्यांना अख्खी खोली ओलांडायची होती. आता ऐक, इथे खरी मजा आहे. ती जमीन लाकडाची, आणि कुठली फळी कुरकुरते हे त्या माणसाला पाठ आहे. इतक्या संतापातही त्यांनी कुरकुरणारी एकही फळी दाबली नाही. एक लांब ढांग, दोन छोटी पावलं, एक तिरकं, गुडघा छातीपर्यंत उचलून पुन्हा लांब ढांग, असे ते माझ्याकडे आले आणि कुजबुजले, "बाई, हे काय चाललंय?" मी त्यांच्या मागे बघत होते. त्यांच्या मागे साहेब, साहेबांच्या मागे डुलकी, डुलकीच्या मागे सगळा वर्ग, एक लांब ढांग, दोन छोटी पावलं, एक तिरकं, असा ओळीने येऊन उभा होता. एकही फळी वाजली नव्हती.

चिटणीस वळले. मुलांनी वर त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी सवयीने ओठांवर बोट ठेवलं, तर सगळी बोटं ओठांवर. त्यांनी गोंधळून बोट काढलं, सगळ्यांनी काढलं. त्यांनी चष्मा सारखा केला, तर चष्मा नसलेल्यांनीही केला. मी त्यांचं तोंड बघत होते. त्यांच्या मागून आजवर कोणी चाललं नसावं, असं मला वाटलं. वाचनालयात सगळे त्यांना टाळूनच चालतात. त्यांनी एक पाऊल डावीकडे टाकून पाहिलं. सगळे डावीकडे. मग त्यांनी जे केलं ते खोली वाचवण्यासाठी नव्हतं, समितीसाठीही नव्हतं. त्यांनाही आता बघायचं होतं, की पुढे काय होतं. ते पुन्हा लांब ढांग टाकून निघाले, आणि मी, दुसरं काही सुचेना म्हणून, त्यांच्या पावलांवर तेच गाणं कुजबुजत गायला लागले. "निघालो आम्ही हळूहळू." "पुढे पळू"ला ते चवड्यांवर पळाले. (मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. खोटं वाटत असेल तर डॉक्टरीणबाईंना विचार.) आणि "थांबू" आलं. माझा पाय वर गेला. मुलांचे गेले. चिटणिसांचाही गेला, आणि तो त्यांनी झोपलेल्या मांजराशेजारी ठेवावा इतक्या अलगद खाली ठेवला. मुलांनी तसेच ठेवले. मी त्यांच्याकडेच बघत होते, त्यामुळे माझाही तसाच खाली आला. ज्या पायाला मी समजावलं, दटावलं, अंगाखाली दाबून ठेवलं, तो एका माणसाकडे बघून शिकला. मला आता वाटतं, धडा असतो तो इथेच कुठेतरी. नक्की कुठे ते अजून सापडलं नाही, पण मी जवळपास आहे.

काल समितीची बैठक झाली. चिटणिसांनी म्हणे उठून सांगितलं, की आपण स्वतः वर जाऊन खात्री केली, तक्रारीचं निवारण झालेलं आहे, आणि खोली तुझ्याकडेच राहावी. अट एकच: देखरेखीसाठी दर वर्गाला शेवटच्या गाण्यापुरते ते स्वतः हजर राहतील. आज ते पहिल्या गाण्यालाच आले, मोजे घालून. बुद्धिबळाच्या मास्तरांना तळघरातली खोली मिळाली आहे, तिथे त्यांना उसासेही टाकता येतील. एक नवी तक्रार मात्र आली आहे. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, की साहेब घरात वडिलांना साधं चालू देत नाहीत. ओठांवर बोट ठेवून मागून येतात आणि पाय जरा जोरात पडला की त्यांना दारापासून पुन्हा चालायला लावतात.

तर असं आहे. खोली शाबूत आहे, मुलं शाबूत आहेत, चुना पुन्हा लावून झाला आहे. तू आता लवकर बरी हो आणि मला या लष्कराच्या तावडीतून सोडव. माझे गुडघे, माझा घसा आणि माझा धंदा तिन्ही मेटाकुटीला आले आहेत. दादाला, वहिनीला नमस्कार. प्लास्टरवर कोणाला चित्रं काढू देऊ नकोस.

तुझी,
आत्या

ता. क. धंद्यावरून आठवलं. बँकेतले ते रोखपाल, जे माझ्याकडे गाडी शिकतात आणि गिअर बदलताना डोळे मिटतात, त्यांना मी सूचना गाऊन देऊन पाहिल्या. गाडी पहिल्यांदा लोण्यासारखी निघाली. पण आता मी गायले नाही तर ते चालवत नाहीत. परीक्षेला शेजारी परीक्षक बसणार. त्याला गायला कोण सांगणार? तुझ्या ओळखीत कोणी असेल तर बघ.

ता. क. दुसरं. वर "लवकर बरी हो" लिहिलंय ते पत्राच्या रीतीला धरून. सोमवारी प्लास्टर निघणार असं वहिनी म्हणाली. हल्लीचे डॉक्टर फार घाई करतात. हाड म्हणजे हाड आहे, त्याला जुळायला त्याचा वेळ दिला पाहिजे. त्यानंतरच्या शुक्रवारी मी मुलांना पाण्याचं गाणं देणार आहे, तेवढं तरी होऊ दे.

ता. क. शेवटचं. हे लिहू की नको असं बराच वेळ झालं, पाणीही गार झालं. तू आलीस की वर्ग तुझा, यात वाद नाही. मी हिसकावून घेणार नाही. पण मंगळवारी सकाळी मी मग काय करू हे मला कळत नाही. मी सहज येऊन बसले असते, पण तुझ्या पत्रकावर ठळक छापलंय, की मोठ्या माणसाला मुलाशिवाय आत यायची परवानगी नाही. चिटणिसांना देखरेखीचं निमित्त आहे. माझ्याजवळ न निमित्त, न हाताला धरून आणायला मूल. तेव्हा माझं नाव मोठ्यांत लिहू नकोस, मुलांत लिही. मुलासोबत घरचं कोणी मोठं माणूस लागतंच, तर ते म्हणून तू ये.